एकच म्युटेशन, दोन कॅन्सर : मेंदूत आधी सापडलं, औषध मात्र रक्ताला आधी का मिळालं?

मृण्मयी

नमस्कार मंडळी. कॅन्सरच्या नव्या औषधांबद्दल इथे अधूनमधून बातम्या येतात आणि "लवकरच बाजारात" असं म्हणून धागा थांबतो. मला बातमीच्या मागचं बोलायचं आहे. संशोधक 'टार्गेट' म्हणतात ते नेमकं कशाला, आणि टार्गेट सापडल्यापासून औषध रुग्णाच्या हातात पडेपर्यंत काय काय आडवं येतं? त्यासाठी एकाच जनुकाची गोष्ट घेते.

२००८ साली ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक ट्यूमरच्या, २२ नमुन्यांमधली वीस हजारांवर जनुकं वाचली गेली. टीपी५३, ईजीएफआर, पीटेन ही कॅन्सरच्या जनुकांची ओळखीची नावं निघणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. त्यांच्या जोडीला आयडीएच१ निघालं. हे पेशीच्या रोजच्या चयापचयातल्या एका एन्झाइमचं जनुक, ब्रेन ट्यूमरच्या संदर्भात तोवर कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या, म्हणजे एएमएलच्या एका रुग्णाचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. तिथेही तेच जनुक आणि तीच १३२ वी जागा. प्रथिनाच्या साखळीत तिथे आर्जिनिन हवं, ते बदललेलं होतं.

मग औषधं आली. एएमएलसाठी २०१७ मध्ये एनासिडेनिब (हे आयडीएच२ या जुळ्या जनुकासाठी) आणि २०१८ मध्ये आयव्होसिडेनिब. मेंदूतल्या ग्लायोमासाठी (मेंदूच्या आधारपेशींच्या ट्यूमर्सचं हे कुटुंब, ग्लायोब्लास्टोमा त्यातलाच) व्होरासिडेनिबला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. खूण आधी मेंदूत सापडली आणि मेंदूला औषध मिळायला त्यानंतर १६ वर्षं लागली.

उशिराची कारणं शोधताना मला दोन्ही आजारांबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्याच एका लेखात मिळालं नव्हतं. यावर काम करणारी मंडळी इथे आहेत हे माहीत आहे. प्लीज लिहा.

---

जिज्ञासू

विषय छान घेतलात. पहिलाच प्रश्न: चयापचयातलं एन्झाइम बिघडलं तर पेशीला ऊर्जा कमी पडायला हवी, ती मरायला हवी. इथे उलट ती वाढत सुटते, असं कसं?

---

मृण्मयी

@जिज्ञासू, सगळी मेख तिथेच आहे.

सुस्थितीतलं आयडीएच आयसोसिट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवतं. १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं की हे एन्झाइम जुनं काम सोडून एक नवंच काम सुरू करतं: अल्फा-कीटोग्लुटारेट घेऊन त्याचं २-हायड्रॉक्सीग्लुटारेट करतं. सोयीसाठी २-एचजी म्हणू. निरोगी पेशीत २-एचजी नावापुरतं असतं, या पेशींत ते साठत जातं. जनुकाची दुसरी प्रत शाबूत असते, त्यामुळे पेशी उपाशी राहत नाही.

आता २-एचजी दिसायला अल्फा-कीटोग्लुटारेटसारखंच. पेशीतली कितीतरी एन्झाइम्स अल्फा-कीटोग्लुटारेट घेऊन काम करतात. २-एचजी त्यांच्यात जाऊन खुर्ची अडवून बसतं. त्यातलं टेट२ डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसायचं काम करतं, दुसरी काही हिस्टोनवरच्या, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या, खुणा पुसतात. खुणा पुसल्या गेल्या नाहीत की पेशीला मोठं होण्यासाठी जी जनुकं चालू व्हायला हवीत ती बंदच राहतात. पेशी मरत नाही आणि वयातही येत नाही. बोन मॅरोमध्ये अशा अर्धवट पेशींची गर्दी झाली की तिला आपण ब्लास्ट म्हणतो.

याचा मला सर्वांत पटलेला पुरावा २०१० चा आहे. एएमएलच्या रुग्णांत टेट२ चं म्युटेशन आणि आयडीएचचं म्युटेशन जवळजवळ कधीच एकत्र सापडत नाहीत. दोन्ही एकच दार बंद करतात, म्हणून कोणतंही एक पुरतं.

---

सुहृद

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझं काम स्लाइडवर चालतं, म्हणून तिथलं सांगतो.

ग्लायोमात आयडीएचचे जे बदल सापडतात त्यातले साधारण ९० टक्के आर१३२एच (१३२ व्या जागी आर्जिनिनचं हिस्टिडिन) या एकाच प्रकारचे. नेमक्या या बदललेल्या प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी आहे. ट्यूमरच्या कडेचा भाग स्लाइडवर घेतला तर साध्या रंगात कळत नाही की ही पेशी आजारी आहे की मेंदूची आपली नेहमीची. ही अँटिबॉडी लावली की गाठीपासून लांब, निरोगी दिसणाऱ्या भागात एखादीच तपकिरी पेशी उठून दिसते. मग आणखी एक, पुढे आणखी दोन. सर्जनने गाठ "पूर्ण काढली" म्हटल्यावरही ग्लायोमा परत का येतो, हे या स्लाइडवर डोळ्यांना दिसतं.

या म्युटेशनने आमच्या रिपोर्टची भाषाच बदलली. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ब्रेन ट्यूमरच्या नावातच जनुकीय निदान आलं. २०२१ पासून तर मोठ्यांमध्ये आयडीएच बदललेल्या ट्यूमरला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. तो ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड ४ (ग्रेड जितकी वरची तितका ट्यूमर आक्रमक). सूक्ष्मदर्शकाखाली दोघं भावंडं दिसली तरी रुग्णाचं पुढचं आयुष्य वेगळं असतं. आयडीएच बदललेल्यांचं बरंच लांब.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझ्या बाजूने एक कारण. ल्युकेमियात बोन मॅरोची सुई आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घालता येते. औषध दिलं, २-एचजी किती उतरलं, ब्लास्ट किती राहिले, पेशी मोठ्या होतायत का, सगळं त्याच माणसात पुन्हा पुन्हा पाहता येतं. औषध टार्गेटला लागलं की नाही हे महिन्याभरात कळतं. मेंदूची बायोप्सी अशी महिन्या-महिन्याला कोण करणार? एमआरआयवर गाठ तेवढीच दिसली तर ते औषधाचं यश, की मुळात सावकाश वाढणारा ट्यूमर, हे ठरायला वर्षं जातात.

---

आदित्य_न

सुहृद यांचं म्हणणं शंभर टक्के. मी औषधाचे रेणू बनवणाऱ्या बाजूचा, तर दुसरं कारण माझ्याकडून.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतर अवयवांसारखं सैल नसतं, पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. त्यातून जो रेणू आत शिरतो त्याला बाहेर फेकणारे पंपही तिथेच बसलेले, पी-ग्लायकोप्रोटीन त्यातला नावाजलेला. त्यामुळे टेस्ट ट्यूबमध्ये एन्झाइमला अचूक अडवणारा रेणू मेंदूत पोचतोच असं नाही. आयव्होसिडेनिब रक्तासाठी उत्तम, पण मेंदूत फारच थोडं उतरतं. व्होरासिडेनिब घडवतानाच ते मेंदूत शिरलं पाहिजे हा निकष ठेवला होता. शिवाय ते आयडीएच१ आणि आयडीएच२ दोन्हींना अडवतं.

पोचलं हे सिद्ध कसं केलं तेही ऐका, कारण ती ट्रायल मला फार आवडते. ज्यांचं ऑपरेशन ठरलेलंच होतं अशा रुग्णांना आधी काही आठवडे औषध दिलं आणि मग काढलेल्या गाठीतच २-एचजी मोजलं. औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत ते ९० टक्क्यांहून जास्त उतरलेलं होतं. इतका थेट पुरावा ब्रेन ट्यूमरच्या औषधांना क्वचितच मिळतो. पूर्वीची कितीतरी औषधं "काम करत नाही" म्हणून बाद झाली. ती टार्गेटवर निकामी ठरली की टार्गेटपर्यंत गेलीच नाहीत, हे तपासलंच गेलं नव्हतं.

मोठी ट्रायल त्यानंतरची. ३३१ रुग्ण, सगळे ग्रेड २ चे, फक्त ऑपरेशन झालेले, रेडिएशन-केमो अजून न घेतलेले. आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यम काळ प्लासिबो गटात ११.१ महिने, औषधाच्या गटात २७.७ महिने.

---

वाटसरू

वैज्ञानिक नाही, पण लिहावंसं वाटलं.

माझ्या थोरल्या बहिणीला एएमएल. पहिल्या केमोनंतर आजार परतला, तपासणीत आयडीएच२ निघालं आणि एनासिडेनिब सुरू झालं. गोळी घरी घ्यायची, केस जात नाहीत, आम्ही निर्धास्त. तिसऱ्या आठवड्यात ताप, धाप, अंगावर सूज, वजन एकदम वाढलेलं. जिथे नेलं तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया धरून अँटिबायोटिक लावलं. ताप हलेना. ताईचे नेहमीचे डॉक्टर आले, त्यांनी रिपोर्ट पाहून लगेच स्टेरॉइड सुरू केलं आणि दोन दिवसांत तिचा श्वास मोकळा झाला. "औषध लागू पडतंय, पेशी एकदम मोठ्या व्हायला लागल्यात, त्याचा हा त्रास आहे," असं ते म्हणाले. तेव्हा मला ते समजलं नव्हतं. मृण्मयीताई, तुमचा वरचा प्रतिसाद वाचून आज समजलं.

त्या वेळी हे कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही पहिल्याच तासाला गोळीचं नाव पुढे केलं असतं. ज्यांच्या घरी हे औषध सुरू आहे त्यांनी ते लिहिलेला कागद पाकिटात ठेवा, ही कळकळीची विनंती.

---

मृण्मयी

वाटसरू, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ताईंना माझा नमस्कार सांगा.

याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. ज्या पेशी अर्धवट वयात अडकल्या होत्या त्या मोकळ्या होऊन न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बनायला लागतात, फुप्फुसांत शिरतात, दाहक रसायनं सोडतात. उपाय डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि तो संशय आल्याबरोबर सुरू करायचा असतो. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतही हा त्रास होऊ शकतो, काही महिन्यांनीही. या रुग्णांचे नव्याने तयार झालेले न्यूट्रोफिल तपासले तर त्यांच्यातही आयडीएचचं म्युटेशन असतं. म्हणजे कॅन्सरची पेशी मारली गेलेली नसते, तिला वाढवून मोठं केलेलं असतं. १९८० च्या दशकात प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया या एएमएलच्या एका प्रकारासाठी अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एटीआरए आलं तेव्हा हेच पहिल्यांदा दिसलं होतं. आज त्याच्या जोडीला आर्सेनिक ट्रायॉक्साइड देऊन त्या ल्युकेमियाचे बहुसंख्य रुग्ण नेहमीच्या केमोशिवाय बरे होतात.

---

कोवळं_ऊन

मी शाळेत शिकवते. आमच्या एका विद्यार्थिनीला डीआयपीजी झाला होता, ब्रेनस्टेममधला ट्यूमर. निदानापासून वर्षसुद्धा मिळालं नाही. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. लहान मुलांच्या या ट्यूमरमध्ये आयडीएच नसतं असं वाचलं. मग त्यांच्यासाठी टार्गेट काय? आणि तान्ह्या बाळांना होणाऱ्या ल्युकेमियाचं काय?

---

मृण्मयी

तुमच्या विद्यार्थिनीबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

डीआयपीजीमध्ये खूण वेगळी आहे पण मोहल्ला तोच, डीएनएभोवतीच्या खुणांचा. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यातल्या एच३ च्या २७ व्या जागी लायसिन असतं. २०१२ मध्ये कळलं की या मुलांच्या ट्यूमरमध्ये तिथे मेथिऑनिन आलेलं असतं. एच३ बनवणारी जनुकं पेशीत कितीतरी असतात, बिघाड त्यातल्या एकाच्या एका प्रतीत. पेशीतल्या एकूण एच३ पैकी बिघडलेलं थोडंच. तरीही संपूर्ण जीनोमवरची ती एक मिथाइल खूण कोसळते, कारण ही खूण लावणारी पीआरसी२ नावाची यंत्रणाच हे थोडं प्रथिन जायबंदी करून टाकतं. आयडीएचमध्ये खुणा पुसल्या जात नाहीत, इथे लागतच नाहीत. पेशी दोन्हीकडे लहानच राहते.

हा ट्यूमर ऑपरेशनने काढता येत नाही आणि रेडिएशनचा परिणाम काही महिने टिकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एच३ के२७एम (वर सांगितलेला २७ व्या जागचा बदल) असलेल्या, उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमासाठी (डीआयपीजी याच गटातला) डॉर्डाव्हिप्रोनला एफडीएने त्वरित मान्यता दिली. एक वर्षापुढच्या मुलांनाही ते चालतं. ५० रुग्णांच्या माहितीवर ही मान्यता आहे, त्यातल्या २२ टक्क्यांची गाठ लक्षणीय आकसली. ७८ टक्क्यांची नाही. हे दोन्ही आकडे मी मुद्दाम शेजारी लिहितेय. दुसरी वाट सीएआर टी-पेशींची, म्हणजे कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवलेल्या रोगप्रतिकारक पेशींची. या ट्यूमरच्या पेशींवर जीडी२ नावाचा रेणू भरपूर असतो, त्यावर नेम धरलेल्या टी-पेशींनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ट्रायलमध्ये काही रुग्णांच्या गाठी निम्म्याहून लहान केल्या, एकाची तर दिसेनाशी झाली. ल्युकेमियात सीडी१९ या पेशीवरच्या रेणूवर हेच तंत्र २०१७ पासून मान्य आहे.

तान्ह्या बाळांच्या एएलएलमध्ये (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) ७० ते ८० टक्के वेळा केएमटी२ए हे जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडलेलं असतं. या जोडातून बनलेल्या प्रथिनाला डीएनएवर बसण्यासाठी मेनिन नावाच्या प्रथिनाचा आधार लागतो. मेनिन मुळात निर्दोष, त्यात म्युटेशन नसतं. पण आधार काढून घेतला की ल्युकेमियाची चालू राहिलेली जनुकं बंद पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये या तत्त्वावरचं रेव्ह्युमेनिब मान्य झालं, एक वर्षापुढच्या रुग्णांसाठी. पुढे एनपीएम१ हे जनुक बदललेल्या एएमएललाही मेनिनची औषधं लागू पडतात हे दिसलं आणि २०२५ मध्ये झिफ्टोमेनिब आलं.

मला मेनिनची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नुसती म्युटेशनची यादी पाहत बसलो असतो तर मेनिन कधीच दिसलं नसतं. बिघडलेली पेशी कुणावर टेकून उभी आहे, हे शोधावं लागतं.

---

जिज्ञासू

मग ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआरवर नेम धरून काय अडलं? फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तर ईजीएफआरच्या गोळ्या चालतात.

---

आदित्य_न

अडलं ते मिश्र वस्तीने. एकाच ग्लायोब्लास्टोमात शेजारशेजारच्या पेशींत वेगवेगळी जनुकं वाढलेली असतात: एकीत ईजीएफआर, दुसरीत पीडीजीएफआरए. ईजीएफआरव्ही३ या ईजीएफआरच्या बदललेल्या रूपावर लस काढली होती, रिंडोपेपिमट. मोठ्या ट्रायलमध्ये तिने आयुष्य वाढवलं नाही. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट म्हणजे परतलेल्या गाठी तपासल्या तर लस न घेतलेल्यांतही बऱ्याच वेळा ते रूप आपोआप नाहीसं झालेलं होतं. म्हणजे ट्यूमरला त्याची गरजच नव्हती.

सीएमएलशी (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) ताडून पाहा. तिथे ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जोडजनुक बनतं, आजाराची सुरुवातच त्याने होते आणि प्रत्येक आजारी पेशीत ते असतं. म्हणून २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिबने चित्र पालटलं. प्रतिकार उभा राहिला तरी आजार बऱ्याचदा त्याच प्रथिनावर अवलंबून राहतो: त्यातच टी३१५आय म्युटेशन आलं, मग पोनॅटिनिब आणि अॅसिमिनिब आली. टार्गेट खोडात आहे की फांदीत, हा पहिला प्रश्न. आयडीएच खोडात आहे, म्हणून त्यावर इतकी मेहनत घेणं योग्य होतं.

---

धीरोदात्त

उत्तम चर्चा. पण एका मुद्द्यावर ब्रेक लावायला हवा.

आयडीएच खोडात आहे हे खरं, पण खोड जुनं झाल्यावर ट्यूमर त्याच्यावाचूनही उभा राहू शकतो. एमआरआयमध्ये काँट्रास्ट घेणाऱ्या, पुढे गेलेल्या ग्लायोमात आयडीएच अडवणाऱ्या औषधांचा परिणाम फारच थोडा दिसला. २७.७ महिन्यांचा आकडा ग्रेड २ चा आणि तो गाठ वाढेपर्यंतचा आहे, आयुष्यमानाचा नाही. ग्रेड ४ च्या रुग्णाच्या नातेवाइकाने तो वाचून आशा लावली तर दोष आपल्या लिहिण्याचा.

दुसरं, सगळे संशोधक २-एचजी कमी करायच्या मताचे नाहीत. २-एचजीमुळे पेशीची तुटलेला डीएनए सांधण्याची ताकद कमी होते, असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे या पेशी पार्प (डीएनए सांधणारं एक एन्झाइम) रोखणाऱ्या औषधांना आणि रेडिएशनला जास्त हळव्या असू शकतात. मग एन्झाइम बंद करून तो दुबळेपणा घालवायचा, की तसाच ठेवून त्याचा फायदा घ्यायचा? कोणतं औषध आधी, कोणतं नंतर, हा प्रश्न उघडा आहे आणि माझ्या मते आत्ता सर्वांत महत्त्वाचा.

---

मृण्मयी

धीरोदात्त, पूर्ण सहमत. उपचारांच्या क्रमाचा प्रश्न एएमएलमध्ये थोडा सुटलाय. केमो न झेपणाऱ्या रुग्णांत अझासिटिडिन या सौम्य केमोसोबत आयव्होसिडेनिब सुरुवातीलाच दिलं तेव्हा मध्यम आयुष्यमान २४ महिने होतं, नुसत्या अझासिटिडिनवर ७.९. एकट्या औषधाला ल्युकेमिया बगल देतो: पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या रासच्या मार्गातलं नवं म्युटेशन येतं, किंवा आयडीएच१ अडवलं की आयडीएच२ बिघडतं. मेंदूत अशा जोड्या तपासायला अजून बराच पल्ला आहे.

---

वाटसरू

एक व्यवहाराचा प्रश्न. उद्या कुणाच्या घरी निदान झालं तर रिपोर्टमध्ये नेमकं काय मागायचं? आम्हाला आयडीएच तपासायचं असतं हे आजार परतल्यावर कळलं.

---

सुहृद

वाटसरू, एएमएलमध्ये सुरुवातीलाच गुणसूत्रांची तपासणी, शिवाय एफएलटी३, एनपीएम१, आयडीएच१, आयडीएच२, टीपी५३ आणि केएमटी२ए चा जोड. एफएलटी३ चा रिपोर्ट सर्वांत आधी मागा, कारण त्यावरचं मिडोस्टॉरिन पहिल्या केमोच्या आठव्या दिवसापासून सुरू करायचं असतं. आजार परतला तर तीच तपासणी पुन्हा करायला सांगा. एफएलटी३ पहिल्या वेळी नसून नंतर उगवलेलं आणि असलेलं नाहीसं झालेलं, दोन्ही मी पाहिलंय. जुन्या रिपोर्टवर नवं औषध ठरवू नये.

ग्लायोमात आयडीएच, एटीआरएक्स, १पी/१९क्यू, सीडीकेएन२ए, टर्ट आणि एमजीएमटी या जनुकीय तपासण्या मागा. गाठ मधल्या रेषेवर असेल, विशेषतः लहान मुलांत, तर एच३ के२७एम. आर१३२एचची अँटिबॉडी निगेटिव्ह आली आणि रुग्ण ५५ वर्षांखालचा असेल तर तेवढ्यावर थांबू नका, जनुकाचं सिक्वेन्सिंग करा म्हणून आग्रह धरा. उरलेले १० टक्के बदल त्या अँटिबॉडीला दिसत नाहीत, आणि व्होरासिडेनिब त्यांच्यावरही चालतं. ऑपरेशनआधी सर्जनशी बोलताना उरलेला तुकडा आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) जपून ठेवायला सांगा. पुढे नवी तपासणी निघाली तर त्याच ब्लॉकवर करता येते, डोकं पुन्हा उघडावं लागत नाही.